दोघींचं दूध तोडलं तेव्हा

माझ्या जुळ्या मुली सव्वादोन वर्षांच्या होईपर्यंत अंगावर पीत होत्या. हे मी लोकांपासून लपवायचा प्रयत्न केला, पण खामगावात आमच्या गल्लीत काही लपत नाही. त्यात मी घरीच ब्लाऊज शिवते, त्यामुळे दिवसभर बायकांची ये-जा. एखादी माप द्यायला आली आणि मी खाली बसले, की दोघी कुठूनतरी धावत यायच्या. थोरली डाव्या मांडीवर, धाकटी उजव्या. थोरली फक्त सहा मिनिटांनी थोर, पण गाऊनची चेन उघडायचा मान तिचाच. समोरची बाई हातात अस्तराचं कापड घेऊन बघत राहायची.

"अजून पेतात काय वं ह्या?"

"पेतात कधीमधी," मी म्हणायची.

कधीमधी म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा. ते मी सांगत नसे.

खरं सांगायचं तर मी थकले होते. दोघींना दात आले होते, माझी कंबर कायमची वाकल्यासारखी झाली होती, आणि दोन वर्षांत मी चेनवाल्या गाऊनशिवाय दुसरं काही घातलं नव्हतं. बाकीच्या गावाला नवेनवे गळे शिवून देणारी बाई स्वतः गाऊनमध्ये. शिवाय धाकटी पोळीला हात लावायची नाही. तिचं बोलणंही मागे होतं. थोरली दोघींच्या वाटचं बोलायची, "मम्मी, तिले पाणी पायजे," "मम्मी, तिले झोप आली." धाकटी नुसतं बोट दाखवायची. सासूबाईंना त्याची काळजी होती. "हे अंगावरचं सुटलं की खाईन, खाल्लं की बोलीन," असं त्यांचं गणित होतं.

तर दूध तोडायचं ठरलं.

पहिला उपाय सासूबाईंचा. त्यांनी कडुनिंबाचा पाला पाट्यावर वाटला आणि वाटीत घेऊन माझ्यापुढे ठेवला. "लाव. माह्या चारही लेकरायचं असंच तोडलं म्या. एका दिवसात विषय संपते." मी लावलं. दुपारी दोघी आल्या. थोरलीने तोंड लावलं, तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच लाज वाटली. मग ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, झालं, सुटलं. पण ती मोरीतून परत आली ती स्वतःचा टॉवेल ओला करून. पाणी सगळं घरभर ठिबकत होतं. तिने आपली बाजू पुसली, मग बहिणीची बाजू पुसली, आणि धाकटीला म्हणाली, "पे आता. सोच्छ झालं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या हसतहसत खालीच बसल्या. "ही पोट्टी आपल्याले ऐकत नाही," त्या म्हणाल्या, आणि राहिलेला पाला त्यांनी तुळशीच्या कुंडीत ओतला.

मग कोरफड झाली, चिकटपट्टी झाली, "बाऊ झाला" हेही सांगून झालं. बाऊ झाला म्हटल्यावर दोघींनी फुंकर घातली आणि फुंकर घालून झाल्यावर प्यायल्या.

आमच्या शेजारी गाद्या भरण्याचं दुकान आहे. दुकान चालवतात ते चाचा, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या बायकोला सगळी गल्ली खाला म्हणते. खालांना पाच मुलं, तीन नातवंडं. माझ्याकडे सलवारला काठ लावायला आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, की आता दोघींना आठ दिवस माझ्या माहेरी डोणगावला पाठवते.

"लेकरां को काहे को भेजती?" खाला म्हणाल्या. "ते तिथं रडतील, नई जगह, नई खाट. तू जा ना. बच्चे अपने घर में रहे तो इतना नहीं रोते."

"आणि मी?"

"तू रोएगी. पर तेरी माँ है ना वहाँ."

नवऱ्याला हे पटलं. तो म्हणाला, "मी दोन दिवस सुट्टी घेतो. आई हाय. तू जाय बिनघोर." इतक्या लवकर पटलं, याचाच मला जरा राग आला. निघायच्या आदल्या दिवशी मी दोघींना समोर बसवून सांगितलं, "मम्मी आजीकडे चालली. परत येईन तेव्हा दुदू संपलेलं असेल. तुम्ही मोठ्या झाल्या ना, म्हणून." थोरलीने मान हलवली. तिला किती समजलं, देव जाणे. सकाळी दोघी पायरीवर उभ्या राहून टाटा करत होत्या, आणि मी मेहकरच्या एस.टी.त बसून खिडकीकडे तोंड करून रडत होते. शेजारच्या बाईने मला वाटाणे-फुटाणे दिले. कुणी गेलं का घरातलं, असं तिने हळूच विचारलं. काय सांगणार? नाही म्हटलं आणि फुटाणे खाल्ले.

डोणगावला दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. हात वर होईना. माझी माय भाजीपाला करते, गावालगत तिचं वीतभर रान आहे. ती सकाळीच वावरात जाऊन पत्ताकोबीचा गड्डा घेऊन आली. पानं धुतली, माठाजवळच्या गार फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "हे ब्लाऊजात ठेव."

"माय, काहीतरीच काय!"

"सिस्टरनं सांगतलं व्हतं तुह्या काकीले. थंडावा लागते. अन् लयच ताठलं तं थोडं पिळून टाकजो, सगळं नाही."

मी ठेवली. खरंच बरं वाटलं. पण दर दोन तासांनी पानं बदलायची, आणि अंगाला असा वास, की मी ओसरीत बसले तर शेजारची बकरी येऊन माझ्याकडे बघू लागली. संध्याकाळी मायने पत्ताकोबीचीच भाजी केली. मी ताटाकडे पाहिलं.

"ती नोय हे," माय म्हणाली. "दुसऱ्या गड्ड्याची हाय."

व्हिडिओ कॉल मी रोज संध्याकाळी करायची. पहिल्या दिवशी मी मनात वाक्यं तयार ठेवली होती. रडू नका गं, मम्मी येईलच, बाबाजवळ झोपा. फोन लागला. थोरली तोंडात खिचडी घेऊन म्हणाली, "मम्मी, आजीनं पापड भाजला!" आणि गेली. धाकटीने पडद्यावर माझ्या नाकावर बोट ठेवलं, दोनदा दाबलं, आणि तीही गेली. मग पडद्यावर नुसता छताचा पंखा. मागून नवऱ्याचा आवाज, "मजेत हायेत. दुपारी थोडी किरकिर केली धाकटीनं, बस."

मी फोन ठेवला आणि तशीच बसले. मायने कणीक मळतामळता माझ्याकडे पाहिलं.

"रडल्या काय त्या?"

"नाही."

"मंग? त्या रडल्या नाहीत म्हनून तू रडून राह्यली का?"

मला हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. माय कणकेच्याच हाताने माझ्याजवळ आली. तिने मला कांदा चिरायला दिला. त्या घरात कुणाला रडायचं असलं, की मायने कांदा द्यायचा, ही जुनी रीत आहे.

सहाव्या दिवशी मी परत आले. छाती उतरली होती. येताना मी बंद गळ्याचा कुर्ता घातला होता, मायच्या जुन्या मशीनवर शिवलेला, मागून बटणं. दार उघडलं तशा दोघी ओरडत आल्या आणि पायांना मिठी मारली. मी खाली बसले. सवयीने एक डावीकडे बसली, एक उजवीकडे. थोरलीने कुर्त्याच्या गळ्यावरून हात फिरवला. चेन शोधत होती. चेन नव्हती.

"दुदू?"

"संपलं गं, बाई."

धाकटीने तळहाताने माझ्या छातीवर दोनदा थाप मारली, दुकानाचं शटर ओढलेलं आहे का ते बघावं तशी, आणि म्हणाली, "बंद." एवढंच. मग तिने बोट फळीकडे केलं. थोरलीने लगेच अर्थ सांगितला, "तिले टोस पायजे. मले पण."

दोघी टोस खाऊ लागल्या. दोन वर्षं आणि तीन महिन्यांचा कारभार एका टोसवर मिटला. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी चहा टाकला होता. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले बी असंच झालं व्हतं. कोनाले सांगतलं नाही म्या."

त्यानंतरचे दोन-अडीच महिने मी वेड्यासारखी वागले. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. दुपारी माझे हात मोकळे असायचे आणि त्या हातांचं काय करायचं हेच मला कळायचं नाही. मी वाटी-चमचा घेऊन दोघींच्या मागे फिरायची. उपमा, शिरा, वरणभात, केळं. थोरली शेवटी हात जोडून म्हणायची, "मम्मी, पुरे." मी त्यांना उगाच उचलून घ्यायची, आणि त्या खाली उतरायला धडपडायच्या. रविवारी दुपारी धाकटी बाबाच्या पोटावर पालथी झोपून जायची, आणि मी शिवणयंत्रामागून बघत बसायची. माझ्या नवऱ्यासारख्या गरीब माणसाचा मला तेव्हा इतका राग यायचा, की एकदा मी त्याच्या पँटचं बटण लावायला मुद्दाम चार दिवस लावले. तो सेफ्टी पिन लावून कामावर जात होता आणि एका शब्दाने विचारत नव्हता.

एकदा तर मी एका गिऱ्हाईक बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. ती घालून बघायला गेली, बाहेर आली ती एक हात कोंबडीच्या पंखासारखा धरून. मी तिथेच रडायला लागले. बिचारी म्हणाली, "असू दे वं, असू दे, डावा हात तं बरोबर हाय ना."

ही बातमी खालांपर्यंत पोचायला तासही लागला नाही. संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, मशीनजवळ स्टूल ओढून बसल्या.

"क्या हुआ गे? डॉक्टर के पास जाना क्या?"

मी म्हटलं, लसीच्या वेळी सिस्टरला विचारलं होतं. ती म्हणाली, दूध बंद झालं की अंगातले हार्मोन बदलतात, मन खाली-वर होतं. काही आठवड्यांत निवळेल, नाही निवळलं तर दाखवायला ये.

"बराबर बोली," खाला म्हणाल्या. "सबसे छोटे के बाद मैं भी ऐसीच हो गयी थी. तुमचे चाचा घर आने को डरते थे. दुकान में कापूस नहीं है तो भी पींजते बैठते थे." मग त्यांनी माझ्या मुलींकडे पाहिलं. दोघी चिंध्यांच्या ढिगात लोळत होत्या. "एक बात बोलू? तूने दोनों को साथ में पिलाया, साथ में सुलाया, साथ में छुडाया. एक-एक को कभी अलग लेके बैठी?"

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. एक रडली की दुसरी उठायची, एकीला घेतलं की दुसरी मांडीवर. आईपण म्हणजे मला नेहमी दोन मांड्या आणि दोन हात, सगळे भरलेले.

त्या आठवड्यात गुरुवारी मी मशीन बंद ठेवलं. खामगावहून जलंबला एक छोटी गाडी जाते. मोठ्या लाइनवरच्या गाड्या जलंबला थांबतात, आमच्याकडे फाटा येतो. प्रवास अर्ध्या तासाच्या आतबाहेर. मी ठरवलं, एकीला घेऊन जलंबला जायचं, फलाटावर बसायचं आणि त्याच गाडीने परत यायचं. कामाचं काहीच नाही. सासूबाईंना वाटलं, माझं डोकं खरंच फिरलं. पण त्यांनी थोरलीला पोळपाट-लाटणं देऊन स्वयंपाकघरात गुंतवलं आणि मला मागच्या दाराने जायची खूण केली.

धाकटी स्टेशनपर्यंत माझं बोट घट्ट धरून, गप्प. गाडीत खिडकीशी बसवलं, तरी गप्प. सवयीने तिने आधी शेजारी पाहिलं, आपल्या वाटचं बोलणारी तिथे नव्हती. गाडी हलली. गावाबाहेरची घरं मागे सरकू लागली. ती खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि म्हणाली,

"मम्मी, घर पळून राह्यलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिच्या तोंडून पुरं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

"कोणतं घर गं?"

"ते. पिवळं. ते पण. आपलं घर नाही पळत?"

"नाही, आपलं तिथंच आहे."

"आजी धरून बसली?"

"हो," मी म्हटलं, "आजीने धरून ठेवलंय."

मग ती थांबलीच नाही. बैल काय खाते, तारेवर चिमणी काऊन बसली, गाडीले पाय कुठं हायेत, तिचे बाबा कुठं राह्यतात. समोर मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली एक म्हातारी होती. ती बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लय बोलकी हाय वं तुही पोरगी. कान दुखवले माहे." मला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं.

जलंबच्या फलाटावर आम्ही बाकड्यावर बसून आलुबोंडा खाल्ला. तिने मिरचीसुद्धा चाखली, पाणी प्यायली, पुन्हा चाखली. परतीच्या गाडीत ती माझ्या दंडाला टेकून झोपली. तिची मान माझ्या कोपरात आली, तीच जुनी जागा. पण माझ्या आत काही तुटल्यासारखं झालं नाही. नुसता हात अवघडला.

घरी आलो तर थोरली दारात, तोंडाला पीठ. तिने बहिणीला विचारलं, "गाडी मोठी व्हती का?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, "हो, मोठी व्हती." धाकटीने मान हलवली आणि पुन्हा गप्प झाली. सासूबाईंना मी सांगितलं तर त्या विश्वास ठेवेनात. "तू सपनात पाह्यलं असशील," म्हणाल्या. मग दोन दिवसांनी थोरली बाबासोबत केस कापायला गेली असताना धाकटीने त्यांना विचारलं, "आजी, तू घर धरलं होतं?" सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. सगळी तूर डाळ घरभर. ती त्यांनी दोन तास वेचली आणि दोन्ही तास हसत होत्या.

पुढच्या गुरुवारी थोरलीला नेलं. मला वाटलं होतं, ही सगळा डबा डोक्यावर घेईल. पण गाडी सुटताच ती माझ्या मांडीवर चढली आणि मुटकुळं करून बसली.

"ती कुठं हाय?"

"घरी."

"तिले काऊन नाही आणलं?"

"आज तुझी पाळी."

तिला ही पाळी अजिबात आवडली नाही. खिडकी नको, चिमणी नको. जलंबला आलुबोंडा घेतला तर म्हणाली, आधी तिचा बांधून द्या. मग तिने तो कागदाचा पुडा एका हातात घट्ट धरून ठेवला, घरी पोचेपर्यंत त्याचा पार चेंदा झाला. परत येताना मात्र ती मांडीवर माझ्याकडे तोंड करून बसली आणि माझा चेहरा निरखू लागली. भुवईवरून बोट, नाकावरून बोट. हनुवटीजवळ येऊन थांबली.

"मम्मी, इथं काय हाय?"

"तीळ आहे."

"नवीन हाय?"

"नाही गं, जन्मापासून आहे."

तिला ते खरं वाटेना. मीही विचारात पडले. दोन वर्षं ही माझ्या अंगाला चिकटून होती. इतकी चिकटून, की माझं तोंड तिला नीट दिसलंच नसावं. मग तिने स्वतःची हनुवटी चाचपली आणि आपल्याला तीळ नाही म्हणून रुसली. मी पर्समधून खडूची पेन्सिल काढली, कापडावर खुणा करायची निळी, आणि तिला एक तीळ काढून दिला. घरी गेल्यावर अर्थातच धाकटीलाही काढावा लागला.

मग वर्षभर गुरुवार असेच गेले. तोपर्यंत माझी चिडचिड कधी गेली, मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं, की बटण लावायला नवऱ्याने आणलेली पँट मी त्याच दिवशी शिवून दिली होती. त्याला वाटलं, माझा मूड चांगला आहे, म्हणून त्याने धीर करून विचारलं, "माहा नंबर कधी लागते जलंबले?"

"तुम्हाले पुरं तिकीट लागते," मी म्हटलं. तरी पुढच्या गुरुवारी तो सुट्टी घेऊन आला. आम्ही दोघंच गेलो. सासूबाई आणि खालांनी मिळून दोघींना सांभाळलं. फलाटावर त्याने मला हळूच सांगितलं, की मी डोणगावला गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघी जाम रडल्या होत्या. दुपारभर. त्याने त्यांना माझा गाऊन दिला होता, तो पांघरून झोपल्या.

"मग फोनवर का नाही सांगितलं?"

"तू लगेच यष्टीत बसली असती."

बसले असते, खरंच. मी त्याच्यावर रागावायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला, की मी त्याच्या हातातला चहासुद्धा पिऊन टाकला.

आता मुली चार वर्षांच्या आहेत. बालवाडीत जातात, वेगवेगळ्या चटईवर बसतात. अजूनही बाजारात एखादं तान्हं बाळ रडलं, की माझ्या छातीत बारीकशी कळ येते आणि मी थबकते. दोघी तेवढ्या वेळात पुढे निघून जातात, आणि मग मागे वळून दोघी एकदम ओरडतात, "मम्मी, चाल ना, काय पाहून राह्यली!"